शिफारस करणारा नातेवाईक नसावा

आमच्या गावात टँकर आला की लोक घागरी घेऊन पळतात आणि सोपानतात्या कागद घेऊन. अर्ज भरल्याशिवाय पाणी नाही! नाव, घरातली माणसं, जनावरं, पाण्याचं प्रयोजन. एकदा मी ‘पिण्यासाठी’ लिहिलं, तर म्हणाले, “कोन पिनार ते लिवा. म्हैस का मानूस?” असा संताप आला होता! घागर तिथंच आपटणार होते, पण रांगेतला नंबर गेला असता.

युसूफ वडगावपासून कोसभरावर आमचं गाव. टँकरची नोंदवही सांभाळणारे तात्या आमच्या दूध संस्थेचे सचिव आणि मी तिथं दुधाचं फॅट बघणारी. दुष्काळात दूध तरी कुठलं? जनावरं चारा छावणीत. दिवसभर आम्ही दोघं रिकाम्या कॅनांकडं बघत बसायचो. तात्यांचं पालुपद एकच, “कागद पुरा, तर मानूस पुरा.”

माणूस एकटा. बायको कधीच वारली, मूलबाळ नाही. शेजारी मुक्ताचं घर. तिचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यातच परतायचे. पोरीची शाळा बुडू नये म्हणून पहिलीपासून तिला तात्यांकडं ठेवून जायचे. ती त्यांना मामा म्हणायची. ह्या मामानं वेणी घालायचं माझ्याकडून शिकून घेतलं, आणि शिकताना विचारलं काय, तर “तीन पेडच कावून? तसा नियम हाय का?”

बारावीला मुक्तानं लई नाव काढलं. तिच्या इंग्रजीच्या बाईंनी परदेशातल्या एका विद्यापीठाचं पान शोधून दिलं. खर्चही विद्यापीठच उचलणार होतं. वर लिहिलेलं: ‘पहिल्या वर्षाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाच्या अटी’. तात्या त्या शब्दावर भाळलेच. “आपली मुक्ती आंतरराष्ट्रीय, आन आपन आजून तालुक्याचे बी न्हाई!”

मग रोज दुपारी मी त्या अटी मराठीत सांगायची आणि तात्या डोळे मिटून ऐकायचे. बारा वर्षांचं शिक्षण. गुणपत्रिका शाळेनं थेट पाठवायची. इंग्रजीची परीक्षा. स्वतःविषयी निबंध. बाहेर कडुलिंबाचं पान हलायचं नाही, आणि तात्या कुठल्याशा बर्फाच्या गावात फिरत असायचे. मधेच विचारायचे, “वसतिगृहात नळ हाय का? दिसभर पानी?” मी हो म्हटलं की पुन्हा डोळे मिटायचे. खरं सांगते, त्या दुपारी मलाही पाण्याचा आवाज यायचा.

एक गोष्ट मात्र त्यांना खटकली. “जातीचा दाखला मागितला न्हाई? रहिवासी न्हाई? मग प्रवेश देतेत तरी कशावर?”

“शिफारशीवर,” मी म्हटलं. “एक पत्र शिक्षकाचं. दुसरं, शाळेबाहेर तिला चांगलं वळखनाऱ्याचं.”

मुक्तानं तात्यांचं नाव दिलं. फॉर्म थेट संस्थेच्या कॉम्प्युटरवर आला. पत्र गुप्त, मुक्तानं बघायचं नाही. तात्या इस्त्रीचा सदरा घालून बसले. ते सांगतील तसं मी इंग्रजीत टाइप करायचं होतं.

पहिलाच प्रश्न: तुम्ही अर्जदाराचे नातेवाईक आहात का?

“हो लिवा,” तात्या म्हणाले.

मी ‘हो’ दाबलं. लाल अक्षरं आली: नातेवाइकाचं पत्र स्वीकारलं जाणार नाही.

“आवो तात्या, रक्ताचं नातं कुटं हाय? जात येगळी, कूळ येगळं. ‘नाही’ दाबते.”

“थांबा.” त्यांचा आवाज बारीक झाला. “गोवर निघालता तवा सात दिस मांडीवर होती. मी तिचा कोनी न्हाई, आसं लिवून द्यू? कागदावर?”

मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी संपत होती. दुसऱ्याचं नाव द्यावं, तर पोरीला एवढं ओळखणारं गावात होतं कोण? मी वैतागले. “तुमच्या हट्टापायी पोरीचं वाटोळं करू नका!” बोलून गेले आणि जीभ चावली.

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग वाकून स्वतःच्या बोटानं ‘नाही’ दाबलं.

आणि पत्र सांगायला लागले ते थांबेचनात. पोरगी विजेला भिते, पण बोलून दाखवत नाही. भाकरीचा करपलेला तुकडा आधी उचलते, चांगला मामाला राहावा म्हणून. मी ‘मामाला’च्या जागी ‘शेजाऱ्याला’ असं टाइप केलं. तेव्हा मला रडू आलं, लपवत नाही.

प्रवेश मिळाला. गावानं पेढे वाटले, मुक्ता गेली. दुसऱ्याच दिवशी सकाळी तात्या माझ्या समोर येऊन बसले. “एक दुरुस्तीचा अर्ज लिवा. विद्यापीठाला.”

त्यांनी सांगितलं ते लिहून घेतलं: “वरील विद्यार्थिनी माझी कोणी नाही, असे मी लिहून दिले होते. ते चुकीचे आहे. ती माझी भाची आहे. तरी नोंद दुरुस्त करावी, ही विनंती.”

मी घाबरलेच. “तात्या, हे पाठवलं तर तिचा प्रवेश जाईल!”

“आत्ता पाठवा म्हनलं का मी? पोरीची डिगरी होऊ द्या की. चार वर्सं हायेत.” त्यांनी सही केली, वर शिक्का मारला आणि कागद माझ्याकडं सरकवला. “तवर ऱ्हाईन की मी. न्हाई ऱ्हायलो, तर तुमी पाठवा.”