उत्तरेचा उजेड

रावमामा कुणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघतात. मी सांगलीहून नोकरीसाठी चेन्नईला आले आणि तिरुवल्लिकेणीत त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागले. पहिल्याच दिवशी दार उघडलं, तर पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसलेले एक सत्तरी उलटलेले गृहस्थ मान मागे टाकून माझ्या पंख्याच्याही वर कुठेतरी पाहत उभे. "पश्चिमेचा उजेड. कठीण आहे," असं म्हणून झाल्यावर त्यांनी माझं नाव विचारलं.

मामा तंजावरी मराठी. शब्द बखरीतून उठून आलेले, चाल मात्र तमिळ. "भोजन केलेत की नाही? सेरी, बरे, मग बसावे," म्हणायचे, आणि बसलं की बुटांच्या कारखान्याची गोष्ट सुरू.

पल्लावरमकडच्या त्या कारखान्यात मामांनी देखभाल खात्यात सगळी नोकरी काढली. तो बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण त्याचा इतिहास वाढतच होता. पोंगलला तो एका इंग्रज साहेबाने बांधलेला असे, दिवाळीला जॉर्ज टाउनच्या चामड्याच्या व्यापाऱ्याने. मध्येच एक जर्मन इंजिनिअर येऊन समुद्रात बुडूनही गेला. मी ही गफलत दाखवली तेव्हा मामा जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "बांधणारा कोणीही असो. छप्पर तेच ना?"

छपराबद्दल मात्र त्यांची गोष्ट कधी बदलली नाही. करवतीच्या दात्यांसारखी उतरत्या छपरांची रांग, आणि प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची, उत्तरेकडे तोंड केलेली. म्हणजे ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो. इकडे उन्हाळ्यात सूर्यही उत्तरेला सरकतो, म्हणून काचांवर छोटे छज्जे. एवढा खटाटोप कशासाठी? तर डावा आणि उजवा बूट एकाच तपकिरी रंगाचा निघावा म्हणून. हे सांगताना मामांची कॉफी निवून जायची. मग आतल्या खोलीतून मामींचा आवाज यायचा, "कॉफी." मामी स्वतः बाहेर येत नसत. गुडघे दुखत असतील असं मी धरून चालले होते.

मग योग असा आला की आमच्या कंपनीने नव्या ऑफिससाठी नेमकी तीच इमारत घेतली. मी मोठ्या उत्साहाने मामांना सांगायला गेले. एसीसाठी आतून सपाट फॉल्स सीलिंग लावणार आहेत, हेही बोलता बोलता सांगून टाकलं. मामांनी गरम कॉफी एका दमात पिऊन टाकली. ती निवायच्या आत संपलेली मी तोवर पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून साइटवर हजर. आमचा मॅनेजर कोईमतूरचा, शांत माणूस. मामांनी त्याला इंग्रज, व्यापारी आणि जर्मन असे तिघेही एकदम ऐकवले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, सार, छप्पर उघडं ठेवलं तर एसीचं बिल कोण भरणार? मामांनी मग माघार घेतली. निदान खिडकीजवळच्या खांबापलीकडचा कोपरा तरी झाकू नका, म्हणाले. तोच कोपरा का, ते काही केल्या सांगेनात. "तिथला उजेड बरा," एवढंच.

कोपरा वाचला. मामांच्या इतिहासामुळे नव्हे, तर तिथे एसीचा पाइप काही केल्या वळेना म्हणून. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. गल्लीतल्या इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांनी आता त्यांच्या भाषणाची हकीकत ऐकलेली आहे.

ऑफिस सुरू झाल्यावर कंपनीने एका शनिवारी घरच्या मंडळींना बोलावलं. माझं घर सांगलीला, म्हणून मी मामामामींना या म्हटलं. मामी खरंच आल्या. मामांचं कोपर धरून, पाऊल चाचपत. तेव्हा मला कळलं की दुखणं गुडघ्यांचं नव्हतं, डोळ्यांचं होतं.

मामा त्यांना थेट त्या कोपऱ्यात घेऊन गेले. मामींनी खांबावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "माझी मशीन इथेच होती." बुटांचे वरचे भाग शिवायच्या त्या. मामा तेव्हा काचा पुसून घ्यायला यायचे आणि याच खांबाच्या वरची काच सगळ्यात मळकी निघायची. हे सांगून मामी एकट्याच हसल्या. मामा खांबाच्या रंगाची तपासणी करू लागले.

मी खुर्ची दिली. मामी बसल्या, थोडा वेळ डोळे मिटून राहिल्या आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरी, तुझा कुर्ता हळदी रंगाचा?"

मी हो म्हटलं.

"किती दिवस तुझा आवाजच होता," त्या म्हणाल्या.

मामा माझ्याजवळ आले आणि अगदी हळू बोलले. "डॉक्टर म्हणाले, चकाकी नसलेला भरपूर उजेड असला तर थोडे दिसेल. घरी सगळे दिवे बदलून पाहिले. जमेना."

मामींनी पिशवीतून सुईदोरा काढला. मामांच्या बाहीचं बटण सुटलं होतं, ते मागितलं. दोरा सुईत जाईना. मी पुढे झाले, तर मामांनी मला थांबवलं. पलीकडे मुलं केक खात होती, कुणीतरी फोटो काढत होतं. मामींनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई काचेकडे धरली.

"गेला," त्या म्हणाल्या, आणि बाहीसाठी हात पुढे केला.