सगुणाबाई कारभारणीने रांगोळीच्या रेघांवरून गोवर माघारा फिरविला त्याची हकीकत

"सगुणे, हुकूम मागून काढ. आधी लेकरू तापलं म्हणजे बायका कोणाला विचारतात, ते पुसून ये," ऐसे थोरल्या राणीसाहेबांचे शेवटचे सांगणे. ते स्मरून आणि कुलस्वामिनीपुढे दिवा लावून राज्याचे वर्तमान लिहिले जाते ऐसीजे: शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी, माघमासी, शेजारच्या परगण्यात गोवर उतरला आणि लेकरे दगावू लागली. आपुल्या राज्यात लस येऊन पडली होती, परंतु आया लेकरे आणीनात. आरोग्याचा कारभार सगुणाबाईंकडे. त्या घाईत राणीसाहेबांचे सांगणे विसरल्या, आणि हळदीकुंकवास पहिले कुंकू ज्यांस लागते त्या देशमुखीणबाईंस जाऊन विनविले, "आईसाहेब, आपण शब्द टाकावा." बाईंनी शब्द टाकिला आणि दवंडी पिटली आणि मांडव घातला, आणि मांडवात शेळ्या तेवढ्या येऊन बसल्या. गोवर तो नदीपलीकडच्या गावी येऊन ठेपला.

मग सगुणाबाईंस ते बोल आठवले. त्यांनी सर्व बायका देवळाच्या पटांगणात बोलाविल्या, आणि दर घरामागे एकेक ठिपका रांगोळीचा मांडविला आणि म्हणाल्या, "लेकरू तापलं तर आधी ज्या बाईला विचारता, तिच्या ठिपक्यापर्यंत आपल्या घरून रेघ ओढा." बायका हसल्या, लाजल्या, मग ओढू लागल्या, आणि रेघा देशमुखांच्या ठिपक्यास वळसा घालून तुळजा कासारणीच्या ठिपक्यावर जाऊन पडल्या. तुळजा घरोघर बांगड्या भरी; हात हाती असता बाई मनचे बोलते, हे कोणा कारभाऱ्याच्या ध्यानी आले नव्हते. देशमुखीणबाई रागावल्या, "माझ्याकडे एकही रेघ नाही? रांगोळी सरली काय ग?" तों सून हळूच म्हणाली, "आत्याबाई, पण तुमची रेघ कुठं गेलीय?" सर्वांनी पाहिले, तों तीही तुळजेकडेच. मग बाईंसही हसू आवरेना.

तुळजा मात्र हसली नाही. म्हणाली, "बाई, मीच सांगितलं, जाऊ नका. माझ्या नातीला मागं सुई टोचली, पोर तापानं फणफणली. तुमची माणसं टोचून गेली ती गेलीच. दारात कोणी उभं राहिलं नाही." सगुणाबाईंनी तिचा हात धरिला आणि वचन दिले, "यंदा ज्या लेकराचं अंग तापेल, त्याच्या उशाशी मी येऊन बसेन. माझं जेवण, माझा नेम, सगळं मागून." तुळजा म्हणाली, "देवळात बोलताय, बाई." "म्हणूनच बोलतेय."

मग तुळजेने धाकटा नातू मांडीवर घेऊन आधी त्यास टोचविले, आणि बांगड्यांची पेटी डोईवर घेऊन, ज्या घरून रेघ आली त्या त्या घरी गेली, आणि आया लेकरे कडेवर घेऊन ऐशा लोटल्या की शेळ्यांस मांडवात पाय ठेवावयास जागा उरेना. गोवर वेशीपर्यंत आला, आणि आत कोणी हाती लागेना म्हणोन माघारा फिरला. नगारे झडले, साखर वाटली, आणि देशमुखीणबाईंनी पहिले कुंकू आपुल्या हाते तुळजेस लाविले.

ऐसे राज्य राखिले, लेकरे राखिली, कुलस्वामिनीने लाज राखिली. त्याच दिवशी, सोमवारी, सांजवेळी सगुणाबाई उपास सोडावयास पानावर बसल्या, तों कुंभारआळीतून सांगावा आला की लस टोचलेले एक तान्हे तापले आहे आणि आई घाबरली आहे. त्यांनी अन्नास नमस्कार केला, पानावर पान झाकिले, आणि नगाऱ्यांच्या गलक्यात कोणास न सांगता, पायांत चपला घालून कुंभारआळीची वाट धरिली.