बेकरीवाली, झाडवाला आणि राहिलेला निरोप

मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, गळ्याला मफलर गुंडाळून टीव्हीसमोर बसणारा अख्ख्या अमरावतीत एकच माणूस मला ठाऊक आहे. ते आमचे शेजारी गजाभाऊ. कूलर घरघरत असतो, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि गजाभाऊ पडद्यावरचा बर्फ बघत मला म्हणतात, "मास्तर, दार लावजो बाप्पा. थंडी येऊन राहिली."

गजाभाऊंना नाताळातल्या प्रेमाचे सिनेमे लागतात. हिंदीत डब केलेले, बाराही महिने. हे वेड माझ्या मुलीनं लावलं. तिनं त्यांच्या टीव्हीवर ते सगळं सुरू करून दिलं आणि स्वतः पुण्याला नोकरीला निघून गेली. भोगतोय मी.

या सिनेमांची गोष्ट एकच. शहरातली पोरगी नाताळासाठी गावी येते, तिला स्वेटर घातलेला एक पोरगा भेटतो, दोघं आधी भांडतात, मग बर्फ पडतो. पण गजाभाऊ हे सिनेमे स्थळ बघितल्यासारखे बघतात. बडनेऱ्याच्या रेल्वे पार्सल ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून ते लोकांची लग्नं जमवतात. स्वतः बिनलग्नाचे. त्यांच्या फायलीत एका बाजूला वऱ्हाडातल्या मुलामुलींचे बायोडाटे असतात आणि दुसऱ्या बाजूला, खोटं सांगत नाही, सिनेमातल्या आवडत्या जोड्यांचे. स्वतःच्या हातानं लिहिलेले.

पहिला नंबर 'बेकरीवाली आन् झाडवाला' यांचा. मुलगी: आजीची बेकरी सांभाळते, स्वभाव तापट. मुलगा: नाताळाची झाडं विकतो, घरची जमीन, बिजवर, एक मुलगी. शेरा: सासू हयात नाही, जोडा उत्तम. 'राजपुत्र आन् मास्तरीन' ही जोडी मात्र त्यांनी लाल शाईनं बाद केलीय. "राजवाड्यात सकाळचा चहा कोन करते, हे पोरीनं इचारलंच नाई," असं त्यांचं म्हणणं.

पडद्यावर मुका घ्यायची वेळ आली की गजाभाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसतात. थोड्या वेळानं विचारतात, "झालं काय?" मी "झालं" म्हटलं की मान वळवतात.

चिडतात ते एकाच ठिकाणी. सिनेमा संपत आला की दोघांत गैरसमज होतो आणि पोरगा मनातलं न बोलता घुम्यासारखा बसून राहतो. मग गजाभाऊंचा तोल जातो. "अबे सांग न तिले! हो असो का नाई असो, कळवा लागते!"

हे त्यांचं पालुपद. आमच्याकडे मुलगी पाहून झाली की पाहुण्यांतला वडीलधारा तोंड पुसत उठतो आणि म्हणतो, "कळवतो." होकार असला तर कळवतात. नकार असला तर गप्प राहतात, आणि मुलीच्या घरी त्या गप्पपणावरून काय ते समजून घ्यायचं. गजाभाऊंना हे पटत नाही. नकार ते स्वतः जाऊन सांगतात. एकदा नुसतं 'नाही' सांगायला बसनं दर्यापूरला गेले. परत आले ते पोटावरून हात फिरवत. "नाई सांगाले गेलो तं पुरनपोळी केली राजेहो!"

गेल्या नाताळच्या आदल्या दिवशी आम्ही बेकरीवाली चौथ्यांदा बघत होतो. झाडवाला बर्फातून धावत येतो, धापा टाकत मनातलं सांगतो. मी म्हटलं, "फोन केला असता तर एवढं धावावं लागलं नसतं." गजाभाऊ हसले नाहीत. त्यांनी फायलीतून अकोल्याच्या एका मुलाचा बायोडाटा काढला आणि नातेवाइकांच्या यादीवर बोट ठेवलं. आत्या: सौ. शालिनी, माहेर अंजनगाव, राहणार अकोला, निवृत्त शिक्षिका.

"हे पोरगी मी पाह्यली होती मास्तर. पस्तीस वर्सं झाले. अंजनगावले, काकासंगं. काकानं इचारलं, सैपाक येते काय? हे म्हने, येते. आन् माह्याकडं पाहून म्हने, तुमाले?" गजाभाऊ आता मात्र खुदखुदले. "मले लय पसंत होती. काका कळवतो म्हनून उठला. वाटंत म्हने, पोरगी तोंडाळ आहे. मी काकापुढं तोंड नाई उघडलं. कळवलंच नाई आमी."

"भाऊ, इथं 'सौ.' लिहिलंय," मी म्हटलं.

"मंग? मी काय लगन कराले चाललो? कळवाले चाललो. उद्या सुट्टी आहे न तुमाले?"

दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याला. गजाभाऊंच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट, गळ्यात मफलर, हातात केकचा डबा. शालिनीताईंच्या घराचं दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. "कोन पायजे?"

"निरोप आहे," गजाभाऊ म्हणाले. "जरा जुना आहे."

आम्ही बसलो. माझी ओळख शेजारचे मास्तर म्हणून झाली. शालिनीताई चष्मा पुसत बाहेर आल्या, तसे गजाभाऊ उठून उभे राहिले आणि त्यांनी पार्सलचा तपशील द्यावा तसं सगळं सांगितलं: गाव कोणतं, सोबत कोण होतं, काय विचारलं. शेवटी म्हणाले, "आमच्याकडून होकार होता. कळवाचं राह्यलं. माफी असावी."

यजमानांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवर कॅलेंडर शोधलं.

शालिनीताई एकदम हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो भाऊ, आमचा तं नकारच होता! आमच्याकडूनबी कळवाचं राह्यलं पाहा."

यजमानांचा जीव भांड्यात पडला. "मलेबी हेच इचारलं होतं हिनं, सैपाक येते काय म्हनून. तवापासून चहा मीच करतो," असं म्हणत ते उठले आणि खरंच चहा करून आणला. चांगला होता.

निघताना गजाभाऊ ऑटो थांबवायला पुढे गेले. मी चपला घालत होतो. शालिनीताई दारात उभ्या होत्या, रस्त्याकडे बघत. हळूच म्हणाल्या, "मास्तर, त्यायले सांगू नका. दोन महिने मी पोस्टमनची वाट पाह्यली होती." आणि आत गेल्या.

गाडीत गजाभाऊ इतके खूश की शालिनीताईंनी परत बांधून दिलेल्या केकचा तुकडा शेजारच्या अनोळखी माणसालाही दिला. "नकार होता मास्तर! मी आपला फुकट जीव जाळत राह्यलो. उगाच वाटे, पोरगी वाट पाहून राह्यली असंन. पन कळवलं न तिनं. लय बरं वाटलं." मूर्तिजापूर आलं, गेलं. बडनेरा आलं. मी माझ्या वाटचा केक खात राहिलो.

आता पुन्हा मे आहे. कूलर लागला, मफलर निघाला. झाडवाला पडद्यावर गप्प बसला की गजाभाऊ अजून तसेच ओरडतात, "अबे कळवा लागते!" आणि मी कॅलेंडरकडे बघत बसतो.