वरच्या आळीचं पाणी, खालच्या आळीचा पाईप

ज्या गावाला आपली आग आपण विझवता येते, ते गाव सुसंस्कृत समजायला हरकत नाही. ज्या गावात एकच आग विझवायला दोन पथकं आहेत, त्याची संस्कृती दुप्पट धरावी. कल्याण-भिवंडी रस्त्यानं कोन गाव सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं, आणि या हिशेबानं ते बरंच पुढारलेलं आहे.

शहरातून बंब बोलावला की येतो, याबद्दल तक्रार नाही. परंतु रस्त्यावर कंटेनर त्याच्या आधीपासून उभे असतात, आणि आग ही स्वभावानं उतावळी असते. म्हणून वरच्या आळीतल्या लडकूशेठनी स्वतःचं पथक काढायचं ठरवलं. त्यांची मुलगी ऋतिका कॉलेजात शिकते. अमेरिकेतल्या जुन्या शहरांत सरकारी बंब नव्हते, तेव्हा गल्लीगल्लीतल्या लोकांनी आपापली अग्निशमन पथकं उभारली होती, असं तिनं बैठकीत मोबाइलवरून वाचून दाखवलं. ही पथकं पुढे आगीच्या जागीच एकमेकांशी मारामाऱ्या करत, हेही ती वाचणार होती; पण तेवढ्यात चहा आला. त्यामुळे अमेरिकेचा पूर्वार्ध आमच्याकडे तिकडून आला आणि उत्तरार्ध गावानं स्वतःच्या बळावर पुरा केला.

कारण लडकूशेठच्या पथकाचा फलक लागला, आणि आठवड्याच्या आत त्यांचा चुलतभाऊ धनेश यानं खालच्या आळीचं पथक जाहीर केलं. दोघांचे आजोबा एक, बांध एक, फक्त तोंडं दोन दिशांना. लडकूशेठनी टेम्पोवर टाकी आणि पंप बसवला; धनेशनं ट्रॅक्टरमागे टँकर जोडला. लडकूशेठच्या पथकाचे टी-शर्ट भगवे, धनेशच्या पथकाचे पिवळे. पाईपही दोघांनी मुद्दाम वेगवेगळ्या जाडीचे घेतले, की एकाचा दुसऱ्याला कधी लागू नये. (याला नियोजन म्हणतात.) दोन्ही पथकांच्या पदाधिकाऱ्यांत सल्लागार सर्वांत जास्त होते आणि पाईप धरणारे सर्वांत कमी. वर्षभर गावात आग न लागल्यामुळे दोन्ही पथकांचं काम उत्तम चाललं होतं.

मग माघात ठकुबाईच्या पेंढ्यानं पेट घेतला.

ठकुबाई त्या दोघांचीही आत्या. नवरा गेल्यावर तिनं दोन म्हशींवर घर उभं ठेवलं, आणि त्या म्हशींचं पावसाळ्यापर्यंतचं खाणं गोठ्याला लागून पेंढ्याची उडवी रचून ठेवलं होतं. शेजारच्या लग्नघरच्या हळदीत भरदुपारी फटाक्यांची माळ लागली. आगीचं नेमकं कारण आजही चौकशीखाली आहे. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे.

ठकुबाईची सून दिशा त्या दिवशी गोडाऊनच्या ड्युटीवर गेली नव्हती. तिनं आधी म्हशींची दावी सोडली. ठकुबाई हंड्यानं पाणी मारत होती.

पथकं आली. वेळेत आली, हे नमूद करायला हवं. लडकूशेठचा टेम्पो वरून आणि धनेशचा ट्रॅक्टर खालून एकाच वेळी ठकुबाईच्या बोळाच्या तोंडाशी पोचले आणि नाकाला नाक लावून उभे राहिले. आत एकच गाडी जाऊ शकत होती.

"पहिला मी आलो हाय," लडकूशेठ म्हणाले. "मागं त्यानं घ्यायची."

"आमच्या नियमात मागं घेणं न्हाय," धनेश म्हणाला. त्याच्या पथकाला लेखी नियम होते, आणि ते खरोखरच तसे होते.

सल्लागारांनी सल्ले दिले. भगवे आणि पिवळे टी-शर्ट एकमेकांच्या छातीला लागले. उडवीचा वरचा भाग कोसळला आणि गोठ्याच्या वाशाला धग लागायला लागली.

ठकुबाई हंडा खाली ठेवून बोळाच्या तोंडाशी आली. "लडकू, तुझा पाईप किती लांब?"

"अर्ध्या बोळापर्यंत जाईल, आत्या."

"आणि धनेश, तुझा?"

"तेवढाच. पन गाडी आत गेली तर..."

"गाडी र्‍हाऊ दे. दोन अर्धे मिळून किती होतात, ते सल्लागारांना इचारा."

लडकूशेठच्या पंपाला लडकूशेठचा पाईप लागला. त्याच्या पुढे धनेशचा. जाडी जुळेना. दिशानं सायकलची जुनी ट्यूब आणली, दोन्ही तोंडं एकमेकांत कोंबली आणि वरून ट्यूब करकचून गुंडाळली. मोरीतल्या नळाला पाईप असाच बांधतात, हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. दोन्ही पथकांत एकही बाई नव्हती.

सांधा गळत होता, म्हणून दोघा अध्यक्षांनी तो दोन बाजूंनी दाबून धरला आणि नखशिखान्त भिजले. लहानपणी विहिरीवर धरत तसे त्यांनी एकमेकांचे खांदे धरले होते. ते पाहून ठकुबाई पहिल्यांदाच थोडी रडली. उरलेलं पाणी पुढे गेलं. उडवी गेली, गोठा राहिला.

विझवली कोणी, हा प्रश्न मात्र पेटला. पाणी वरच्या आळीचं होतं, पण आगीवर पडलं ते खालच्या आळीच्या पाईपातून. अखेर दोन्ही पथकांनी दोन स्वतंत्र सत्कार केले. विझवणाऱ्यांचा सत्कार करायचा तर विझवणारा ठरवावा लागला असता, म्हणून जिचं जळलं तिचा केला. ठकुबाईला दोन शाली आणि दोन नारळ मिळाले.

"म्हशी शाल खात न्हाईत," ती माईकवर म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी लडकूशेठनी गाडीभर पेंढा पाठवला. ते कळताच धनेशनं दोन गाड्या पाठवल्या. मग लडकूशेठनी आणखी. स्पर्धा थांबवा, असं ठकुबाईनं पेंढा पुरेसा साठेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. पथकांनी अनुभवातून धडा घेतला असून दोघांनीही आता पूर्ण बोळ पुरेल असे लांब पाईप घेतले आहेत. जाडी अर्थातच वेगवेगळी.

वाचकांना आमचं हसू येत असेल. येऊ द्यावं. हसून झालं की दार उघडून आपल्या इमारतीच्या जिन्यात एकदा पाहावं. भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं असतं. त्यावरची तारीख दिसत नाही, कारण पुढ्यात चपलांचा रॅक आहे. रॅक कोणाचा, हे आम्ही विचारत नाही. वरच्या कप्प्यातल्या चपला तुमच्या मापाच्या आहेत, एवढंच.