नवमीला आलेली सप्तमी

एका जंगलात, मुलांनो, एक दिवस असा होता की त्या दिवशी आळशातले आळशी अस्वलही पहाटे उठत असे. त्या दिवसाला सुटकेची सप्तमी म्हणत.

फार वर्षांपूर्वी एका शिकाऱ्याने सगळ्या जंगलाला जाळे घातले होते. कार्तिकातल्या वद्य सप्तमीला, सूर्य उगवता उगवता, एका उंदराने त्या जाळ्याची मूळगाठ कुरतडली. मूळगाठ म्हणजे जिच्यावर सगळे जाळे उभे असते ती. ती सुटली की बाकीच्या गाठी आपोआप ढिल्या पडतात. जाळे पडले आणि जंगल सुटले.

तेव्हापासून प्रत्येक घरात त्या जाळ्याच्या दोरीचा एकेक तुकडा जपून ठेवलेला होता. सप्तमीच्या पहाटे सगळे आपापले तुकडे घेऊन मोहाच्या झाडाखाली जमत. तुकडे जोडून जाळे करत. मग मूळगाठ कुरतडायचा पहिला मान त्या उंदराच्या घराण्याचा. त्यानंतर ज्याने त्याने आपापली गाठ तोडायची, गूळ खायचा आणि घरी जायचे. भाषणे नसत.

यंदा तो मान दंताजी उंदराचा होता. तसा तो गेली बावीस वर्षे त्याचाच होता. पण यंदाची गोष्ट वेगळी होती. दंताजीच्या तोंडात आता एकच दात उरला होता आणि तोही हलत होता.

दिवाळीपासून दंताजी नुसती पेज पीत होता. बायको चिंधाबाईने एकदा भाजलेला हरभरा पुढे केला, तर त्याने तोंड फिरवले.

"एवढी सप्तमी होऊ दे," तो म्हणाला. "मग हा दात पडला तरी चालेल."

आणि सप्तमीला आठ दिवस असताना जंगलाच्या वाटेवरच्या सागावर सूचना लागली. समितीचे सचिव मुंगूसराव यांनी स्वतः ती वाचून दाखवली.

"सर्व प्राण्यांना कळविण्यात येते की, यंदाची सप्तमी नवमीला साजरी होईल. वेळ सकाळी दहा."

दंताजीला वाटले, आपल्या कानांत काहीतरी गेले आहे. त्याने कान झटकले. सूचना तीच राहिली.

तो तसा बुजरा उंदीर. सभेत कधी बोललेला नव्हता. पण त्या संध्याकाळी तो समितीपुढे जाऊन उभा राहिला. अध्यक्ष गवेसाहेब रवंथ करत बसले होते.

"साहेब, सप्तमी नवमीला कशी येईल?"

"अरे दंताजी," मुंगूसराव म्हणाले, "सप्तमी आली गुरुवारी. शुक्रवारी रजा टाकली की शनिवार-रविवार जोडून मिळतात. लोकांना नदीवर जायचंय. शिवाय पलीकडच्या जंगलातले मोर पाहुणे म्हणून यायचेत, त्यांना शनिवारच जमतो."

"पण सुटका सप्तमीला झाली होती."

"भावना महत्त्वाची रे. दिवसाचं काय, आज आहे उद्या नाही."

"माझ्या दाताचंही तसंच आहे," दंताजी म्हणाला.

समिती हसली. दंताजी हसला नाही, कारण त्याने विनोद केलाच नव्हता. जाता जाता त्याने हळूच विचारले, "साहेब, आपला वाढदिवसही असा पुढे ढकलता येतो का?"

रवंथ थांबला. "माझा वाढदिवस पुढे ढकलायची कुणाची छाती आहे?" गवेसाहेब म्हणाले.

सप्तमी उजाडायच्या आधी दंताजी उठला. चिंधाबाईने त्याच्या हाती दोरीचा तुकडा दिला.

"मोहाखाली कुत्रंसुद्धा नसेल," ती म्हणाली.

"नसू दे. जाळं कुरतडलं तेव्हा आजोबाही एकटेच होते."

"मग चला. मी गूळ घेते."

मोहाखाली खरेच कुणी नव्हते. दंताजी आपली एकुलती एक गाठ तोंडात धरणार, एवढ्यात नदीकडून हंबरडा ऐकू आला.

दोघे धावत गेले. पाहतात तो काय, पाणवठ्यावर जाळे. जाळ्यात सहलीला निघालेली सगळी समिती. मधोमध गवेसाहेब, आणि त्यांच्या शिंगांत गुरफटलेले मुंगूसराव.

झाले होते असे, की शिकारी दर सप्तमीला घरी बसत असे. त्या पहाटे सगळे जंगल जागे असते हे त्याला ठाऊक होते. पण यंदा त्याने सागावरची सूचना पाहिली. शिकारी शाळा शिकलेला होता.

मुंगूसरावांना दात होते. त्यांनी तीन गाठी कुरतडल्याही होत्या, पण प्रत्येक वेळी जाळे अधिकच आवळले. मूळगाठ कुठली हे त्यांना माहीत नव्हते. दर वर्षी त्या वेळी ते समितीच्या चहाचे बघत.

"दंताजी, लवकर कुरतड," गवेसाहेब म्हणाले. "ऊन पडलं की तो येईल."

दंताजी पुढे झाला आणि थांबला. तो सरळ प्राणी होता.

"पण साहेब, कुरतडण्याचा कार्यक्रम शनिवारी आहे ना? समितीचा ठराव आहे. माझा तर एकच दात. आज वापरला तर शनिवारी काय करू?"

"ठराव बदलतो मी," मुंगूसराव शिंगांमधून ओरडले.

"त्याला सभा लागते."

"सगळे सभासद इथंच अडकलेत की रे."

तेव्हा, मुलांनो, जाळ्यात सभा भरली. विषय एकच होता. आज सप्तमी आहे, असे सर्वांनी एकमताने मान्य केले. हात वर करता येईनात म्हणून शेपट्या हलवल्या.

दंताजीने मूळगाठ शोधली. दात रोवला. दोरी करकरली, दात करकरला, आणि दोन्ही एकदमच तुटले. जाळे गळून पडले. समिती इतक्या वेगाने पांगली की आभाराचा ठराव राहूनच गेला.

चिंधाबाईने गुळाचा खडा ठेचून त्याच्या तोंडात घातला.

शनिवारी दहाला मोहाखाली मांडव पडला. मोरपाहुण्यांनी कात्रीने फीत कापली. गवेसाहेबांचा, जाळ्यात धीर न सोडल्याबद्दल, सत्कार झाला. मुंगूसरावांनी दोन ठराव वाचले. पहिला, पुढच्या वर्षीची सप्तमी दशमीला होईल, कारण तो रविवार आहे. दुसरा, शिकाऱ्याला तसे पत्राने कळवावे.

लाऊडस्पीकरचा आवाज बिळापर्यंत येत होता. दंताजी पेज पीत होता.

"मूळगाठीच्या मानासाठी तुमचं नाव पुकारतायत," चिंधाबाई म्हणाली. "जायचं नाही?"

"कुठं?"

"सप्तमीला."

"ती परवाच झाली," दंताजी म्हणाला, आणि वाटी पुढे केली. "अजून आहे का पेज?"

तात्पर्य : मुलांनो, सण आपल्या सोयीने खुशाल पुढे ढकलावा. मात्र सूचना लावण्याआधी शिकाऱ्याला सुट्टी कधी आहे ते विचारून घ्यावे, आणि ती सूचना न मानणारा एखादा हट्टी म्हातारा गावात उरेल अशी काळजी घ्यावी.