दगडफुलाची शर्यत

आमच्या शेजारच्या गजूकाकांना कुणाचीही ओळख करून द्या, पहिला प्रश्न ठरलेला. "हा स्लॉथ की दगडफूल?"

काका कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. टीव्हीवर त्यांनी परदेशी जंगलातला स्लॉथ नावाचा सुस्त प्राणी पाहिला, आणि तेव्हापासून अख्खी रत्नागिरी या दोनच मापांनी मोजायला घेतली. पोस्टमन स्लॉथ. रस्त्याचं चौपदरीकरण दगडफूल. आमचे हे? तेही दगडफूल, आणि हे माझ्या तोंडावर!

"अगो, स्लॉथ मंद खरा, पण आठवड्यातून एकदा झाडावरून उतरतो. परसाकडला का होईना! दगडफूल खडकाला चिकटलं की चिकटलं. आणि ते एकटं नसतं हो. बुरशी नि शेवाळ यांचा संसार तो. बुरशी नुसती घर धरून बसते, शेवाळ उन्हात रांधून तिला खाऊ घालतं."

"यातली बुरशी कोण ते कळलं," गोड्या मसाल्याचं दगडफूल निवडता निवडता सुमतीकाकू म्हणायच्या.

स्वतः काकांच्या मात्र पायाला भिंगरी. बाजारात निघाले की हे मासळीच्या टोपलीपाशी, काकू अजून फाटकात. "चल गो, चल गो" करून नुसता जीव खायचे.

गेल्या श्रावणात काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा पाय जड झाला. डॉक्टरांनी बजावलं, आता चालल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील. काकू काही केल्या उठेनात. "माझं संपलं," एवढंच म्हणायच्या.

एका सकाळी पाहते तर काय, काकू काठी धरून घरापुढच्या खळ्यात उभ्या! काका पलीकडे कुंपणाच्या खडबडीत चिऱ्याच्या गडग्याला टेकलेले, हात पाठीमागे.

"तू स्लॉथ, मी दगडफूल. ये, हरव मला!"

काकू दोन पावलं आल्या आणि डगमगल्या. मी आमच्या अंगणातून ओरडले, "अहो, हात द्या की त्यांना! काही लाज?"

"दगडफूल हलत नाही," काका म्हणाले. अस्सा राग आला मला!

काकू थांबल्या, नवऱ्याला चार शिव्या हासडल्या, पुन्हा निघाल्या. कितीतरी वेळाने पोचल्या, आणि काकांचा खांदा गच्च धरला.

"हरलात!"

"हरलो गो, हरलो." काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं, मग स्वतः खाली मटकन बसून लहान पोरासारखे रडायला लागले. तेव्हा कुठे त्यांचे हात मला दिसले. दोन्ही तळवे चिऱ्यावर सोलवटले होते. धावत जाऊन बायकोला धरू नये म्हणून इतका वेळ त्यांनी गडगाच धरून ठेवला होता.

काकूंनी ते हात मांडीवर घेतले. फुंकर घालत म्हणाल्या, "उद्या गडगा धराल तेव्हा हाताखाली पंचा घ्या हो."