मोहाचं डबकं आणि आखूड शिंगं

एका जंगलात मोहाची झाडं फार होती, आणि त्यांच्या बुडाशी खडकातलं एक डबकं होतं. मुलांनो, मोहाची फुलं गोड असतात. पण ती पाण्यात पडून उन्हात आंबली, की ते पाणी पिणाऱ्याला आपण फार शहाणे झालो असं वाटू लागतं.

या जंगलात झुंजार नावाचं एक तरणं सांबर राहत होतं. वय मिसरूड फुटण्याचं. सांबरांना मिसरूड फुटत नाही, शिंगं फुटतात, एवढाच फरक. त्याची आई हिराई रोज सकाळी त्याच्या कपाळावरची दोन टेंगळं चाटून बघायची.

"तुझ्या बाबांच्या शिंगांवर बसायला बगळे भांडायचे," ती म्हणायची.

झुंजार रोज पीत नसे. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. फक्त शनिवारी संध्याकाळी, मित्रांबरोबर. मात्र शनिवारी असा प्यायचा, की आपण कुठे पडलो होतो हे रविवारी मित्रांना विचारावं लागे. मित्रांनाही ते ठाऊक नसे, कारण तेही तिथेच पडलेले असत.

"अरे, हे तुझं वाढीचं वय आहे," हिराई म्हणाली.

"म्हणून तर वाढवतोय! दर शनिवारी थोडी जास्त."

मित्र खदाखदा हसले. हिराई हसली नाही.

शिंगं वाढायचा हंगाम आला. नदीपलीकडच्या सांबरांची शिंगं झाडासारखी फुटली. झुंजारची वीतभर वर आली आणि थांबली, जणू कुणाला तरी पुढचा रस्ता विचारायचा होता. मित्रांचंही तेच झालं, आणि उंचीही सगळ्यांची तिथेच थांबली. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ही नवी फॅशन आहे असं ठरवून टाकलं.

मग एका सकाळी, पूर्ण शुद्धीत असताना, झुंजारने एका ओहोळावरून उडी मारली. ओहोळ एवढासा, की ससेही तो न थांबता ओलांडत. कडकन आवाज झाला. झुंजारचा पुढचा पाय मोडला होता.

हिराई धावत जाऊन हाडवैद्याला घेऊन आली. हाडवैद्य म्हणजे खंडूकाका तरस. हाडांचा त्याच्याइतका अभ्यास जंगलात कुणाचाच नव्हता. फक्त आजवर त्याने रुग्ण तपासले ते सगळे गेल्यानंतर. जिवंत रुग्ण बघून तो जरा बावरला.

त्याने पाय चाचपला. "कड्यावरून पडलास?"

"ओहोळावरून उडी मारली."

"एवढ्याशा?" खंडूकाकाने हाडावर नख वाजवून कान लावला. "डबक्यावर जातोस ना?"

"फक्त शनिवारी."

"हाडाला वार कळत नाही, बाळा. या वयात आत गवंडी काम करत असतात. आठवडाभर तू त्यांना विटा देतोस, आणि शनिवारी सगळ्यांना एकदम पाजतोस. मग ते भिंत बांधतील, की भिंतीला टेकून झोपतील?"

झुंजारच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि आता सोडली तर?"

"पाय जुळेल. पण हाड बांधायचं वय पुन्हा पुन्हा येत नाही. राहून गेलेलं किती भरून निघेल, ते मला सांगता येणार नाही. उरलेलं तरी धड होईल."

खंडूकाकाने बांबूच्या कामट्या लावून पाय वेलींनी बांधला. सवयीने एकदा ओठांवरून जीभ फिरवली, मग ओशाळून निघून गेला. झुंजारला टेकता यावं म्हणून हिराई त्याच्या अंगाला अंग लावून बसली.

थोड्याच दिवसांत वाघावर नजर ठेवणाऱ्या पहारेकऱ्यांची भरती निघाली. सागाच्या एका फांदीला ज्याची शिंगं टेकतील तो पहारेकरी, असा नियम होता. त्या वर्षी फांदीला कुणाचीच शिंगं टेकेनात. सरपंच रानगव्याने सभा बोलावली.

हिराई उभी राहिली. "ते डबकं बुजवा."

सगळ्यांनी सरपंचांकडे पाहिलं. डबक्याकाठी सरपंचांचीही एक राखीव जागा होती.

"भावना पोहोचल्या, हिराताई," सरपंच म्हणाले. "पण पोरांचं मन मोडून कसं चालेल? फांदी खाली घ्या."

दोरी लावून फांदी खाली ओढली गेली. सगळे पास झाले. टाळ्या पडल्या.

नवे पहारेकरी माळावर गेले. तिथलं गवत त्यांच्या डोक्यावरून जाणारं होतं. वाघ कुठे आहे ते दिसेना. सरपंच म्हणाले, "गवत कापा." गवत कापलं. आता वाघालाही सगळे पहारेकरी स्वच्छ दिसू लागले. वाघाने सभेला अभिनंदनाचा निरोप पाठवला.

पहारेकरी भराभर कमी होऊ लागले, तेव्हा सरपंच हार घेऊन झुंजारकडे आले. "चल. आता तूही मापात बसतोस."

"सरपंचकाका, मी वाढलो नाही. फांदी उतरली."

"एकच ते! मधलं अंतर मिटलं ना?"

झुंजारला हसू आलं. इतकं, की मोडका पाय दुखला. त्याने हार मात्र घातला नाही. पाय जुळल्यावर तो आईबरोबर नदीपलीकडे राहायला गेला. चालताना थोडा लंगडायचा. तिकडच्या सांबरांत तो सगळ्यांत बुटका दिसायचा, आणि त्याचं त्याला वाईटही वाटायचं.

एका शनिवारी संध्याकाळी पलीकडच्या काठावरून उरलेल्या मित्रांनी हाक मारली. "अरे ये ना! डबकं मोठं केलंय!"

झुंजारने मान हलवली, पाय पसरून वाकला आणि नदीचं पाणी पोटभर प्याला.

"कसं लागतं?" हिराईने विचारलं.

"फिकं," झुंजार म्हणाला, आणि पुन्हा पाण्यात तोंड घातलं.

तात्पर्य : मुलांनो, वाढत्या वयात मनसोक्त प्यावं. हाडं खुजी राहिली तर घाबरू नये. फांद्या आणि गवत खाली आणायला मोठी मंडळी समर्थ आहेत. फक्त वाघाची उंची कशी कमी करावी, यावर सभेत अजून विचार चालू आहे.